रूळ आधी, यंत्र नंतर

आम्ही दोघी जावा. घर एक, चूल एक आणि दुकानाच्या हिशेबाची वहीही एकच. आमच्या घरातले दोघे भाऊ, थोरले आणि धाकटे, कांजूरमार्गला सुतारकाम करतात. लाल बहादूर शास्त्री मार्गावरची फर्निचरची काचेची दुकाने वाचकांपैकी अनेकांनी बसमधून पाहिली असतील. त्याच रस्त्याच्या मागे एका गल्लीत आमचा दहा बाय पंधराचा गाळा आहे. प्लायची एक शीट आडवी टाकली की माणसाने कडेकडेने चालायचे, एवढीच जागा. त्या जागेवर आमच्या सात माणसांचे पोट चालते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री गल्लीत गुडघाभर पाणी आले. सकाळी शटर वर केले तेव्हा प्लायच्या खालच्या चार शीट फुगलेल्या, फेव्हिकॉलचे डबे तरंगत होते आणि जमिनीवर ठेवलेले कापायचे यंत्र पाण्याखाली होते. कारागिराने ते उघडून पाहिले. आर्मेचर गेले, कॉइल गेली, दुरुस्तीला नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च, असे त्याने सांगितले. यंत्राचे दोन अ‍ॅल्युमिनियमचे रूळ मात्र शाबूत होते. ते आम्ही पुसून भिंतीला उभे केले. त्या दोन रुळांची किंमत आम्हांला तेव्हा कळली नव्हती. ती कळायला पाच हजार रुपये घालवावे लागले. तीच हकिकत लिहीत आहोत, कारण वाचकांच्या घरांतही कुणी ना कुणी हातावर पोट असलेला कारागीर असतोच.

हे यंत्र म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. गोल पात्याचा साधा कटर सगळ्यांना ठाऊक आहे. तो हाताने पेन्सिलच्या रेघेवरून न्यायचा असतो. हात हलला की रेघ सुटते. ट्रॅक सॉ म्हणून जे यंत्र येते ते रुळावरून चालते. रूळ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चपटी, लांब पट्टी. तिच्यावर एक उभा कंगोरा असतो. यंत्राच्या तळाला तशीच खाच असते. खाच कंगोऱ्यावर बसली की यंत्र डावीकडे-उजवीकडे जाऊच शकत नाही, आगगाडीसारखे सरळ पुढे जाते. पाते एरवी झाकणाच्या आत असते. मूठ खाली दाबली तरच ते लाकडात उतरते आणि सोडली की परत आत जाते. रुळाखाली रबराच्या पट्ट्या असतात, त्यामुळे तो शीटवरून घसरत नाही. जर्मनीतल्या फेस्टो कंपनीने १९६०च्या दशकात असे रूळ बाजारात आणले. आपल्याकडे लहान कारागिरापर्यंत ते पोचायला फार वर्षे लागली. आजही कितीतरी जण चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लाय कापतात.

आमच्या घरात हे यंत्र आले त्याला कारण घडले होते. २०१६ सालापर्यंत आमच्याकडे तसलाच एक कटर टेबलाखाली उलटा बसवलेला होता. पाते टेबलातून वर आलेले, वर झाकण नाही, फळी हाताने पुढे ढकलायची. कमी पैशांत टेबल सॉ झाला म्हणून सगळे कौतुक करीत. एका दुपारी फळीत गाठ आली, फळी उसळली आणि थोरल्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तीन महिने ते घरी होते. त्या तीन महिन्यांत वहीच्या जमेच्या बाजूला फार थोडे लिहिले गेले. पुढे दोन वर्षे पै-पै जमवून २०१८ साली आम्ही रुळावरचे यंत्र घेतले. या यंत्रात शीट खाली स्थिर असते आणि यंत्र वरून चालते. दोन्ही हात मुठींवर असतात, पात्याच्या वाटेत हात येत नाही. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा तोच. सरळ काप हा त्यानंतरचा.

आणि नेमके तेच यंत्र पाण्यात गेले. वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी बारा टेबलांचे काम अंगावर होते. आगाऊ रक्कम घेतलेली, मुले शाळा सुरू झाल्यावर जमिनीवर बसून अभ्यास करीत होती. धाकटे म्हणाले, “तात्पुरता तो जुना कटर टेबलाखाली लावतो. महिन्याभराचा प्रश्न आहे.” थोरले काहीच बोलले नाहीत. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “उरलेल्या बोटांचा भाव काय लावलास रे?” विषय तिथेच संपला. रात्री आम्ही वही उघडली. घरात १५ हजार रुपये होते.

पहिली चूक आम्हीच केली, ती कबूल करतो. जवळच्याच एका दुकानात रुळावर चालणारे एक यंत्र १३ हजारांना दिसले. दुकानदाराला आम्ही विचारले, आमच्याकडे जुने रूळ आहेत, त्यावर बसेल का? तो म्हणाला, “ताई, सगळे रूळ सारखेच असतात.” आम्हांला ते पटले. डब्यावरचा फोटो हुबेहूब होता. घरी आणून रुळावर ठेवले तर बसल्यासारखे वाटले, पण कंगोरा अरुंद आणि खाच रुंद. यंत्र सव्वा-दीड मिलिमीटर इकडेतिकडे हलत होते. तळाचे स्क्रू आवळून ते जाईना. तरी एक शीट लावली. मध्यावर काप आत वळला, कड कुरतडल्यासारखी झाली आणि तीन हजारांची शीट टेबलाच्या कामातून बाद झाली. दुकानदाराकडे परत गेलो. “मग याचेच रूळ घ्या,” तो म्हणाला. दोन रूळ आणि जोडपट्ट्या मिळून ११ हजार. म्हणजे १३ आणि ११, एकूण २४ हजार, आणि आमचे चांगले रूळ भिंतीला उभे ते उभेच.

त्या दिवशी आम्ही ठरवले की आता शिकल्याशिवाय खरेदी नाही. एक रूळ जुन्या साडीच्या कापडात गुंडाळला आणि थोरल्यांना बरोबर घेऊन दुपारच्या स्लो गाडीने मशीद बंदरला गेलो. तिथून नागदेवी स्ट्रीट जवळ. अवजारे आणि हार्डवेअरच्या दुकानांसाठी ही पेठ मुंबईच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चौथ्या दुकानात एक वयस्कर चाचा बसले होते. आम्ही यंत्राचे भाव विचारू लागलो तसे ते म्हणाले, “बेटी, पहिले पट्टी दाखव. मशीन नंतर विचार.” कापड उलगडले. त्यांनी कंगोऱ्यावर बोट फिरवले आणि शेजारच्या कपाटातून तीन कंपन्यांच्या रुळांचे वीतभर तुकडे काढून आमच्यासमोर ठेवले. अर्ध्या तासात आम्हांला जे कळले ते कोणत्याही डब्यावर छापलेले नव्हते.

रुळांच्या जाती असतात, आणि या बाबतीत जात पाहावीच लागते! फेस्टूल आणि मकिता यांच्या रुळांचा कंगोरा एकमेकांशी जुळतो. एकाचे यंत्र दुसऱ्याच्या रुळावर चालते. फरक एवढाच की मकिताच्या रुळाला एक जादा खोबण असते. यंत्र तिरके करून कापताना ते कलंडू नये म्हणून मकिताच्या यंत्राला एक खटका असतो, तो त्या खोबणीत अडकतो. फेस्टूलच्या रुळावर तो खटका उपयोगी पडत नाही, तेव्हा तिरक्या कापाला यंत्र हाताने सांभाळावे लागते. बॉश आणि माफेल यांच्या रुळांचे घराणे वेगळे. ते आपसात जुळतात, पण पहिल्या दोघांशी जुळत नाहीत. डीवॉल्टचा रूळ तिसऱ्या तऱ्हेचा. त्याला दोन्ही कडांना कापाच्या पट्ट्या असतात, त्यामुळे रूळ न फिरवता दोन्ही बाजूंनी कापता येते. पण त्यावर त्याचेच यंत्र. याशिवाय बाजारात नकला पुष्कळ. काही नकला बरोबर मापाच्या असतात, काही केवळ दिसायला. त्या ओळखायचा मार्ग एकच: आपला रूळ दुकानात न्यायचा, यंत्र त्यावर ठेवायचे, तळाचे स्क्रू आवळायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहायचे. अडकता कामा नये आणि हलताही कामा नये.

आमचा रूळ पहिल्या घराण्यातला निघाला. म्हणजे यंत्रेही त्याच घराण्यातली पाहायची. शंभर यंत्रांतून निवड करायची होती ती चार-पाचांवर आली. वाचकहो, स्वस्त वस्तू शोधण्याच्या नादात आपण हेच विसरतो. जे घरात आहे त्याला जी जुळते तीच वस्तू स्वस्त. जी जुळत नाही ती फुकट मिळाली तरी महाग.

लांबीचा हिशेबही चाचांनी करून दाखवला. प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० मिलिमीटर बाय १२२० मिलिमीटर. परंतु रूळ तेवढाच असून चालत नाही. पाते लाकडात शिरण्याआधी यंत्र रुळावर पूर्ण बसलेले हवे आणि काप संपल्यावरही क्षणभर रुळावर असायला हवे. दोन्ही टोकांना मिळून फूटभर तरी जादा लागतो. आमचे दोन रूळ १४०० मिलिमीटरचे. जोडले की २८००, म्हणजे आठ फुटांच्या कापाला पुरेसे. तीन मीटरचा एकसंध रूळ जास्त सरळ असतो, त्याला जोडच नाही. पण तो आमच्या गल्लीत वळत नाही, लिफ्टमध्ये शिरत नाही आणि गिऱ्हाइकाच्या घरी न्यायला टेम्पो करावा लागतो. दोन तुकडे लोकलच्या मालडब्यातून नेता येतात. चार फुटांच्या आडव्या कापाला तर एकच तुकडा भागतो. जोडताना मात्र घाई करू नये. दोन्ही रुळांच्या पाठीला एक लांब सरळ पट्टी लावायची, ती दोन्हींना पूर्ण टेकली की मगच जोडपट्टीचे स्क्रू आवळायचे. जोड केसभर जरी वाकला तरी आठ फुटांच्या शेवटी ते दिसते.

मग यंत्राची पाळी. पात्याचा व्यास आणि मधल्या भोकाचे माप आम्ही वहीत लिहून घेतले. या प्रकारच्या यंत्रांत १६० किंवा १६५ मिलिमीटरचे पाते आणि २० मिलिमीटरचे भोक सहसा असते. जे पाते मुंबईत कुठेही मिळते त्याचेच यंत्र घ्यावे, कारण यंत्र एकदा घ्यायचे असते, पाती वर्षानुवर्षे. लॅमिनेट लावलेल्या प्लायला ४८ दात्यांचे पाते चांगले, कड स्वच्छ येते. लाकूड लांबीत चिरायला कमी दात्यांचे. कार्बन ब्रश आणि आर्मेचर सुटे मिळते का, दुरुस्तीचे केंद्र मुंबईत आहे का, हे विचारले. काही यंत्रांत पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पाचर असते. लाकूड कापल्यावर चीर मिटू लागली तर पाते त्यात आवळले जाते आणि यंत्र कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. ती पाचर चीर उघडी ठेवते. सगळ्या चांगल्या यंत्रांना ती नसते, म्हणून विचारून घ्यावे. नसेल तर शीटला खालून शेवटपर्यंत आधार देऊन कापावे. आम्ही शीटखाली थर्मोकोल अंथरतो आणि पाते शीटच्या जाडीपेक्षा पाचेक मिलिमीटरच खाली सोडतो.

भुश्याचेही विचारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ ही माणसाला कर्करोग करणारी आहे, असे जाहीर केले. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग तिच्यामुळे होतो. आमचे सासरे जन्मभर भुश्यात राहिले आणि तोंडाला फडकेही बांधले नाही. त्या काळी सांगणारे कुणी नव्हते. या यंत्राला भुसा ओढून घेणारी नळी जोडता येते. आम्ही ती जोडण्याचे ठरवले आणि मास्कही बंद केला नाही.

शेवटी आमच्या रुळावर घट्ट आणि तरी अलगद चालणारे यंत्र २७ हजारांना ठरले. कोणत्या कंपनीचे ते लिहीत नाही, कारण ही जाहिरात नाही. पैशांचे असे झाले. पहिल्या दुकानदाराने बरीच कटकट करून १३ हजारांचे यंत्र दोन हजार कापून परत घेतले. घरात उरलेले दोन आणि हे ११ मिळून हाती १३ हजार उरले.  बाकीचे १४ हजार बचत गटातून घेतले, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. स्वस्तातले यंत्र रुळांसकट २४ हजारांना पडत होते आणि जुळणारे २७ हजारांना. तीन हजार वाचवायला गेलो आणि दोन हजारांची कपात व तीन हजारांची शीट मिळून पाच हजार घालवून बसलो.

याच सुमारास धाकट्यांनी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरला. ही योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. पडताळणीनंतर काही दिवसांचे प्रशिक्षण, त्यात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज, ते फेडले की दुसऱ्यांदा दोन लाखांपर्यंत. एका घरातून एकालाच लाभ मिळतो. अर्ज भरताना शेजारच्या एका गृहस्थाने विचारले, “तुम्ही सुतार कुठले? तुमचा कुठे हा धंदा?” धाकटे म्हणाले, “माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे रंधा मारला, मी वीस वर्षे मारतोय. अजून किती मारला म्हणजे सुतार होतो?” तो गृहस्थ काही बोलला नाही. गावात सुतार ही जात होती. आमच्या सासऱ्यांना तिथे पटाशीला हात लावू दिला नसता. मुंबईत त्यांनी ते काम शिकून घेतले आणि मुलांना दिले. म्हणून या घरात अवजार ही नुसती वस्तू नाही, हे आम्ही दोघींनी इथे आल्यापासून पाहिले आहे.

नवे यंत्र आल्यावरही एक गोष्ट करायची राहिली होती, ती चाचांनी बजावून सांगितली होती. रुळाच्या कडेला पातळ प्लास्टिकची एक पट्टी चिकटवलेली असते. पहिल्यांदा यंत्र रुळावरून चालवले की पाते स्वतःच ती पट्टी आपल्या मापाने कापून घेते. पुढे कायम त्या पट्टीची कड म्हणजेच कापाची रेघ. पेन्सिलच्या खुणेवर कड ठेवायची, बस्स. पाते खालून वर कापत येते, त्यामुळे शीटचा वरचा थर उचकटतो आणि कपच्या उडतात. ती पट्टी वरचा थर दाबून धरते. पण पट्टी जुन्या यंत्राच्या मापाने कापलेली असते. नव्या यंत्राचे पाते थोडे आत किंवा बाहेर असले तर रेघ खोटी ठरते. म्हणून यंत्र बदलले की पट्टीही बदलायची. आमच्या पट्ट्या तशाही पुराच्या पाण्याने सुटल्या होत्या. जुना गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसला, नव्या पट्ट्या चिकटवल्या, एक रात्र दाबून ठेवल्या आणि सकाळी यंत्र अगदी सावकाश चालवून त्या कापून घेतल्या.

मग अभ्यासिकेची पहिली शीट लावली. थोरल्यांनी आधी दोन-तीन मिलिमीटर खोल एक हलका काप घेतला, मग पूर्ण खोलीने दुसरा. फळी वेगळी झाली. आमची नववीतली मुलगी गुण्या घेऊन उभी होती. तिने कोपऱ्याला गुण्या लावला, मग कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “टोचत नाही.” आत्यांनी मात्र कडेकडे पाहिलेच नाही. त्या थोरल्यांच्या हातांकडे पाहत होत्या.

बारा टेबले दहा दिवस उशिरा गेली. हप्ते महिना १४०० रुपये आणि वर व्याज असे फेडत आहोत, अजून चार बाकी आहेत. यंत्र आता रात्री जमिनीवर राहत नाही. भिंतीत पाच फुटांवर दोन मोठे हूक ठोकले आहेत, एकावर यंत्र आणि दुसऱ्यावर रूळ. आणि हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही लिहून ठेवले आहे: रुळाचे घराणे, कंगोऱ्याची रुंदी, रुळांची लांबी, पात्याचा व्यास, भोकाचे माप. पुन्हा कधी पाणी आलेच, तर खरेदीला जाणाऱ्याने पैशांबरोबर ते पानही न्यावे.